कर्ज काढून दशमांश देऊ नये, मंडळीने तो घेऊही नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत अलीकडे ‘कर्जमुक्तीसाठी उपवास व प्रार्थना’ अशा मजकुराचे फलक दिसू लागले आहेत. प्रार्थनेला माझा विरोध असण्याचे काहीच कारण नाही. मी जन्माने आणि विश्वासाने ख्रिस्ती आहे, माझे सारे आयुष्य मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात, गेले आहे आणि माझी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. निवृत्तीनंतर काही वर्षे मी आमच्या मंडळीची खजिनदारही होते. त्यामुळे एकाच घराचे दोन हिशेब माझ्या डोळ्यांखालून गेले, एक पतसंस्थेच्या खतावणीतला आणि दुसरा दशमांशाच्या वहीतला. या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसते त्याविषयी आमच्यात कोणी उघड बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या घरावर व्याजाचे कर्ज थकलेले आहे त्या घराने हप्ता चुकवून किंवा नवे कर्ज काढून दशमांश आणि देणग्या देऊ नयेत आणि मंडळीने त्या स्वीकारू नयेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. अशा वेळी दशमांश न देणे हा अविश्वास आहे असे आमच्या लोकांच्या मनावर बिंबवले गेले आहे. पवित्र शास्त्र नीट वाचले तर तोच विश्वास ठरतो, असे मला मनापासून वाटते.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करते. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाच्या कार्यासाठी वेगळा काढणे. बऱ्याच मंडळ्यांत प्रत्येक कुटुंबाला छापील पाकीट दिलेले असते, त्यावर बारा महिन्यांचे रकाने असतात आणि रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरते तेव्हा ते पाकीट तीत टाकले जाते. पाळकांचे वेतन, चर्चची डागडुजी, विजेचे बिल, नाताळातला खर्च हे सारे त्यातून चालते. मंडळीचा खर्च मंडळीच्या लोकांनीच उचलायचा असतो, त्यामुळे ज्याला शक्य आहे त्याने द्यावे यात दुमत नाही. मीही देत आले आहे.

आमच्या मंडळीतली एक भगिनी शेतमजुरी आणि शिवणकाम करून घर चालवते. नवऱ्याचा पाय अपघातात अधू झालेला, दोन मुले शाळेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या पाकिटात पाचशेची नोट असे, चार घड्या घातलेली. एका सोमवारी ती बायकांच्या कर्जगटाच्या हप्त्याला पाचशे रुपये कमी पडतात म्हणून शेजारच्या बाईकडून दहा टक्क्यांनी पैसे घेताना मला दिसली. आमच्याकडे ‘दहा टक्के’ म्हणजे महिन्याला शेकडा दहा, वर्षाला शेकडा एकशेवीस. मी तिला विचारले की काल ती नोट का दिलीस, आज तीच कामाला आली असती. ती म्हणाली, “ताई, मलाखीत लिहिलंय ना, दशमांश नाही दिला तर ती देवाची चोरी. आधीच एवढं कर्ज डोक्यावर, त्यात चोरीचं पाप कशाला?” तिच्या या उत्तरात लोभ नव्हता आणि देखावाही नव्हता. तिला खरोखर भीती वाटत होती, आणि ती भीती तिला व्यासपीठावरून मिळाली होती.

जुन्या करारातील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले ते वचन आमच्या प्रत्येकाला पाठ आहे. दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटे उघडतो की नाही याची प्रचीती घ्या, असे देव तेथे म्हणतो. हे दहावे वचन. पण त्याच अध्यायाचे पाचवे वचन किती उपदेशांत ऐकू येते? तेथे देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा, अनाथ व परके यांना छळणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः साक्ष द्यायला उभा राहीन. संदेष्ट्याचा राग कोणावर आहे हे त्यावरून उघड होते. ज्यांच्याकडे कळप होते, पीक होते, आणि तरीही जे हातचे राखून लंगडी जनावरे वेदीवर आणीत होते, त्यांना तो चोर म्हणतो. पाचशे रुपयांसाठी शेजारणीपुढे हात पसरणाऱ्या बाईला उद्देशून ते शब्द लिहिलेले नाहीत.

मुळात दशमांशाचा नियम ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात जसा आहे तसा वाचावा. शेतात जे दरवर्षी उगवते त्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, असे तेथे सांगितले आहे. उसने आणलेले धान्य हे उत्पन्न नव्हे, आणि कर्जाची रक्कमही उत्पन्न नव्हे. तिचा दशमांश निघत नाही. याच अध्यायाच्या शेवटी दर तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची तरतूद आहे. तो गावातच साठवून ठेवायचा, आणि ज्याला वतन नाही तो लेवी (देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातला), परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचे. म्हणजे ज्या भगिनीच्या हातून आपण पाचशेची नोट घेत होतो, तिच्यासारख्यांनीच शास्त्राप्रमाणे त्या भांडारातून घ्यायला हवे होते. मी खजिनदार असताना हे वचन पंचांच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा कोणी वाद घातला नाही, पण पुढचा विषय लगेच सुरू झाला.

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेचे उदाहरण यावर नेहमी दिले जाते. तिने आपल्या गरिबीतून होते नव्हते ते सारे दिले आणि प्रभूने तिची वाखाणणी केली, मग गरिबाने का देऊ नये, असा प्रश्न येतो. गरिबाने देऊ नये असे मी म्हणतच नाही. त्या विधवेने जे दिले ते तिचे स्वतःचे होते, सावकाराकडून आणलेले नव्हते. शिवाय मार्काच्या बाराव्या अध्यायात ही गोष्ट येण्याच्या अगदी आधीच्या वचनात, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या आणि वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल असे प्रभूने बजावले आहे. ही दोन वचने लागून आली आहेत, आणि ती तशीच लागून वाचली जावीत. त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून त्यांची जबाबदारी टाळणाऱ्यांना त्याने खडसावले आहे. घरातल्या माणसांचे आणि धनकोचे देणे बुडवून देवाला दिलेले दान त्याला मान्य नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? पौलाने करिंथ येथील मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, नाही त्याप्रमाणे नव्हे. आणि दुसऱ्यांचा भार हलका व्हावा व तुमच्यावर ओझे पडावे असा आपला हेतू नाही, असेही तो पुढे म्हणतो. यरुशलेममधील गरीब पवित्र जनांसाठी पैसा गोळा करणारा माणूस हे लिहीत होता. त्याला पैशाची गरज नव्हती असे नाही.

याउलट हल्ली ‘बी पेरा म्हणजे शंभरपट मिळेल’ असे सांगणारे प्रचारक गावोगाव येतात. कर्जात बुडालेल्या माणसाला ते सांगतात की तुझ्याकडे जे शेवटचे आहे ते दे, मग देव तुझे कर्ज फेडील. अलीशा संदेष्टा आणि तेलाची गोष्ट ते हमखास सांगतात, म्हणून ती जशी ‘राजे’ या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे तशी पाहू. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येऊन आक्रोश करते की धनको माझे दोन मुलगे गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा प्रथम विचारतो की तुझ्या घरात काय आहे. मग तो तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडी नव्हे, पुष्कळ. चमत्कार होतो आणि भांडी भरतात. त्यानंतर तो म्हणतो की जा, तेल विक, आपले कर्ज फेड, आणि उरलेल्यावर तू व तुझे मुलगे गुजराण करा. आधी कर्ज, मग घर. अलीशाने त्या तेलातला एक थेंबही मागितला नाही. घरात काय आहे याची विचारपूस, शेजाऱ्यांची मदत, विक्री आणि फेड, इतके सगळे त्या चमत्काराच्या आजूबाजूला आहे, आणि आमच्या सभांमधून नेमके तेवढेच गाळले जाते.

आता थोडे कर्जाच्या व्यवहाराविषयी लिहिणे भाग आहे, कारण ज्या घरांविषयी मी बोलत आहे त्यांच्यावर बँकेचे एकच कर्ज असते तर पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. आमच्या वस्तीवर ठरलेल्या दिवशी सकाळी गटाची बैठक भरते. ओसरीवर सतरंजी, तीवर बायका आपापल्या गटाप्रमाणे रांगेत बसलेल्या, मांडीवर हप्त्यांचे कार्ड आणि रुमालात बांधलेले पैसे. समोर टॅब घेऊन बसलेला वसुलीचा मुलगा, वयाने त्यांच्या मुलासारखा. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी तो भरायचा आणि तो भरेपर्यंत कोणी उठायचे नाही, असा तेथला रिवाज. एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटातून कर्ज, दुसऱ्याचा भरण्यासाठी तिसऱ्यातून, आणि तिन्ही चुकले की खासगी सावकार. पन्नास हजार रुपये महिना शेकडा पाचने घेतले तर महिन्याला अडीच हजार नुसते व्याज जाते. वीस महिन्यांत व्याजापोटी पन्नास हजार दिले जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. पूर्वी आपल्याकडे दामदुप्पटीचा नियम होता, एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये असा. आजच्या या बायकांना तेवढाही आडोसा व्यवहारात मिळत नाही.

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात जामीन राहणाऱ्याला इशारा आहे की तुझ्याजवळ फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण का काढून न्यावे? गटातल्या प्रत्येक बाईने नकळत इतर साऱ्याजणींचे जामीनपत्र लिहून दिलेले असते, आणि हे वचन तिला कोणी कधी समजावून सांगितलेले नसते. पण त्याच शास्त्रात कर्ज देणाऱ्यालाही मर्यादा घालून दिली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की शेजाऱ्याला काही उसने दिले असेल तर गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा, तो स्वतः गहाण बाहेर आणून देईल. तो गरीब असला तर त्याचे पांघरूण रात्री आपल्याजवळ ठेवू नको, सूर्यास्ताला परत कर, म्हणजे तो ते पांघरून निजेल. कोणाचे जाते गहाण घेऊ नको, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. कर्जदाराच्या उंबरठ्याचा मान आणि त्याची रात्रीची झोप या गोष्टी इतक्या जुन्या काळी कायद्यात आल्या होत्या.

रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मवित्त (मायक्रोफायनान्स) कर्जाविषयीचे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. ते वाचताना मला या वचनांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जाला ते लागू होतात. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुली दोघांना मान्य अशा ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा अधिक वेळा तेथे आला नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी सहानंतर फोन करायचे नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे यांना मनाई आहे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही, आणि उशिराचा दंड लावायचा तर तो फक्त थकलेल्या रकमेवर. संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. विनापरवाना सावकारी हा तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमच्या किती मंडळ्यांत हे वाचून दाखवले गेले आहे? प्रार्थनेनंतरच्या सूचनांमध्ये सहलीची आणि संगीत स्पर्धेची सूचना येते. हीही यायला हवी.

कर्जाविषयी शास्त्र बोलते तेव्हा ते अधिक वेळा देणाऱ्याशी बोलते आणि आमचे उपदेश मात्र सारे घेणाऱ्याला उद्देशून असतात, ही गोष्ट मला फार खटकते. यहूदी लोकांचा अधिपती नहेम्या याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घ्या. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली आहेत, राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे, मुलेमुली दास्यात गेली आहेत, आणि हे सारे करणारे परके नव्हेत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या त्या कर्जदारांना उपवास करायला सांगत नाही. तो महाजनांची आणि अधिकाऱ्यांची सभा बोलावतो, त्यांना तोंडावर दोष देतो, आपण व आपल्या माणसांनीही पैसे व धान्य उसने दिले आहे हे सांगून ती वसुली सोडून देऊ या म्हणतो आणि शेते, मळे, घरे व पैशाचा शंभरावा हिस्सा आजच परत करा असे बजावतो. हा शंभरावा हिस्सा म्हणजे दरमहा शेकडा एक असा अर्थ बरेच भाष्यकार करतात. तसे असेल तर ज्या दराने नहेम्याचा संताप झाला त्याच्या पाचपट आणि दहापट दराने आज आमच्या वस्तीत पैसा फिरतो, आणि क्वचित का होईना, तो फिरवणारा माणूस रविवारी पुढच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्याशी कोणीतरी बोलले पाहिजे. स्तोत्रसंहितेच्या पंधराव्या अध्यायात देवाच्या मंडपात कोण राहील याचे जे वर्णन आहे, त्यात आपला पैसा वाढीदिढीने न देणारा माणूस आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे.

धर्मसेवकांनी या कामात पडू नये असे म्हणणाऱ्यांनी वसईकडे पाहावे. तेथल्या कॅथॉलिक समाजात सावकारी पाशातून लोकांना सोडवण्यासाठी १९१८ साली पतपेढी उभी राहिली, धर्मगुरूंच्या पुढाकाराने. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. आमच्या नगर जिल्ह्यालाही कर्जाचा इतिहास नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेले दंगे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोहोचले होते आणि शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. त्यानंतर चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या मातीत हे घडले तेथल्या मंडळ्यांनी कर्ज हा केवळ वैयक्तिक विश्वासाचा प्रश्न आहे असे समजू नये.

मी हे बाहेरून पाहून लिहीत नाही. पतीच्या मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिसचा खर्च सुरू झाला तेव्हा आमच्याही घरावर कर्ज झाले. ज्या पतसंस्थेत मी नोकरी केली तेथलेच कर्ज, नातेवाइकांची उसनवारी, आणि क्रूसाचे पदक असलेले माझे मंगळसूत्र सोनेतारणात. त्या दिवसांत शास्त्र वाचणे सोपे नव्हते. हप्त्याच्या आदल्या रात्री मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले ‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन वाचताना अक्षरे दिसत, अर्थ आत जात नसे. त्याहून कठीण होते सदतिसावे स्तोत्र. दुर्जन उसने घेतो आणि परत देत नाही, असे त्यात आहे. थकबाकीची नोटीस टेबलावर पडलेली असताना हे वाचणाऱ्याला काय वाटत असेल ते ज्याने कर्ज अनुभवले आहे त्यालाच कळेल. मग आपण दुर्जन ठरलो का, असा प्रश्न मनाला कुरतडत राहतो. पुष्कळ लोक याच टोकाशी शास्त्र मिटून ठेवतात आणि मंडळीत येणेही सोडतात. मी पुढे वाचत गेले. तीनच वचनांनंतर नीतिमानाविषयी लिहिले आहे की तो पडला तरी सपाटून पडणार नाही, कारण परमेश्वर त्याचा हात धरतो. म्हणजे नीतिमानही पडतो. ज्याची फेडण्याची इच्छाच नाही तो दुर्जन. ज्याची ऐपत आज नाही पण जो हिशेब चुकवत नाही, त्याचा हात धरलेला आहे. या वचनाने माझा एकही हप्ता भरला नाही. पण तोंड लपवायची गरज नाही एवढे मात्र त्याने मला दिले, आणि कर्जात माणसाचे खरे नुकसान तोंड लपवण्यातून होते हे मी नोकरीत वर्षानुवर्षे पाहिले होते.

पतसंस्थेत जो कर्जदार थकण्याआधी येऊन अडचण सांगतो त्याचे हप्ते लांबवून देण्याचा मार्ग निघू शकतो. जो फोन बंद ठेवतो त्याच्यावर शेवटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, आणि त्याच्या जामीनदाराच्या दारातही माणसे जातात. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामिनात अडकलेल्याला सांगितले आहे की डोळ्याला झोप येऊ देऊ नको, जा, शेजाऱ्यापुढे नम्र हो आणि आपली सुटका करून घे. मी आमची सगळी देणी मुलाच्या वहीच्या एका पानावर लिहून काढली, कोणाचे मुद्दल किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचे उदाहरण प्रभूनेच दिले आहे. ते पान घेऊन मी संस्थेच्या व्यवस्थापकांकडे गेले आणि मग पाळकांकडे गेले. पाळकसाहेबांनी ते पान वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “हे फिटेपर्यंत तुम्ही पाकीट देऊ नका. मी पंचांना सांगतो. कोणी विचारले तर माझे नाव सांगा.” त्यांनी प्रार्थनाही केली. तो शब्द त्यांनी दिला नसता तर मी रविवारी त्या बाकावर ताठ बसू शकले नसते. अर्पणाच्या वेळी थैली पुढे सरकवताना सुरुवातीला हात जड व्हायचा, हे खरे आहे. सर्वांत मोठ्या व्याजाची उसनवारी आधी, मग सोनेतारण, मग पतसंस्था, अशा क्रमाने ते कर्ज फिटले. जुने फेडण्यासाठी नवे काढायचे नाही हा निर्बंध आम्ही दोघांनी पाळला. देवाने हे फेडले असे मी म्हणते आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही, पण त्याने ते पगारातून, भावाच्या मदतीतून, विकलेल्या मोटारसायकलीतून आणि पाळकांच्या त्या एका वाक्यातून फेडले.

आमच्या पाळकांनी माझ्यासाठी खासगीत जे केले ते प्रत्येक मंडळीने उघडपणे करावे, एवढीच माझी विनंती आहे. नव्या वर्षाची दशमांशाची पाकिटे छापण्याआधी पंचांनी हा विषय बैठकीत घ्यावा. ज्या घरावर व्याजाचे कर्ज थकले आहे त्याने आधी ते फेडावे आणि तोपर्यंत त्याच्याकडून दशमांशाची अपेक्षा नाही, हे उपासनेत सर्वांसमोर सांगावे, म्हणजे कोणाला एकट्याने जाऊन लाज वाटून विचारावे लागणार नाही. देणगीदारांची नावे आणि रकमा वाचून दाखवण्याची प्रथा जेथे असेल तेथे ती बंद करावी. पुष्कळ उसनवारी त्या यादीपायी होते. तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाचे वचन मानून जमा होणाऱ्या अर्पणाचा काही भाग अडलेल्या घरांच्या औषधपाण्यासाठी आणि शाळेच्या शुल्कासाठी मदत म्हणून वेगळा ठेवावा, कारण बहुतेक घरांत पहिले कर्ज आजारपणाने किंवा शिक्षणाने शिरते. ही मदत असावी, व्याजाचा व्यवहार नसावा. प्रत्येक मंडळीत बँकेतून, पतसंस्थेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेले कोणीतरी असतेच; अशा माणसाने आठवड्यातून एक संध्याकाळ बसून लोकांची कार्डे, नोटिसा आणि करारपत्रे वाचून द्यावीत, तक्रारीचा अर्ज लिहून द्यावा, आणि ऐकलेले स्वतःपाशी ठेवावे.

माझ्या वाचनात कोठे चूक वाटत असेल तर पाळकांनी आणि शास्त्राच्या अभ्यासकांनी आपल्या वृत्तपत्राच्या याच सदरात जरूर उत्तर द्यावे. दशमांश ही जुन्या करारातील आज्ञा आजच्या विश्वासणाऱ्यांना कितपत बंधनकारक आहे याविषयी आमच्यात मतभेद आहेत, आणि मी त्या वादात येथे शिरलेले नाही. ज्यांच्या मते ती पूर्णपणे बंधनकारक आहे त्यांनी उत्तर देताना अनुवादाच्या चौदाव्या अध्यायाची शेवटची दोन वचने विचारात घ्यावीत आणि आपल्या मंडळीत ती कशी पाळली जातात तेही लिहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक
राहुरी, जि. अहिल्यानगर